पुढची सीट

जेल रोडच्या फ्लॅटमधल्या आमच्या टेबलावर
सध्या जेवण होत नाही.
तिथे चिखलदरा आहे.
मिठाच्या बरणीपाशी आपण, म्हणजे नाशिक.
लोणच्याचा डाग पडलाय ते धुळे.
पार त्या टोकाला, ओजसच्या उघड्या वहीवर, मेळघाट.
मधे चमचे मांडलेत. एक चमचा म्हणजे एक टोल.

दहा तास, शैलेश म्हणतो.
बारा, मी म्हणते.
तो वहीत लिहितो : अकरा.
आमचा संसार असाच अकरावर चालतो.

जागा पाच, माणसं सहा.
सुलभाताई देवळाली कॅम्पातून फोनवर म्हणतात,
मी काय गं, डिकीतसुद्धा बसेन.
असं म्हणणाऱ्या माणसाला
खिडकीच द्यावी लागते.

पुढच्या सीटचा निकाल मात्र जुना आहे :
ज्याला गाडी लागते तो पुढे.
ओजसने हा कायदा आजवर
चांदवडच्या आत सिद्ध करून दाखवलाय,
म्हणून यादीत सगळ्यात वर आवळासुपारी,
लिंबं सहा, जाड पिशव्या,
मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
तात्यांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी,
सकाळच्या गाडीसाठी स्वेटर,
आणि खाली मृण्मयीच्या अक्षरात : वाघ?

वरच्या मजल्यावरचे लोखंडे म्हणाले,
मेळघाटात कसला वाघ,
मी तीनदा गेलो, तीनदा रानडुक्कर.
ताडोबाला जा.
शैलेशने टेबलाबाहेर हात लांब करून दाखवलं :
ताडोबा फ्रिजच्या मागे येतं.

तेव्हा तात्या बोलले.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढलेला माणूस,
संध्याकाळी गेटवर झडती देऊन,
रिकामा डबाही उघडून दाखवून घरी येणारा.
त्यांच्या हाताखालून पासपोर्ट गेले,
लोक त्यांवर कुठे कुठे गेले.
हे मनमाडच्या पुढे गेले ते एकदाच,
भुसावळला, साडूच्या तेराव्याला.

म्हणाले, एका साली वाघाचं तिकीट होतं, पोस्टाचं.
पिवळा जास्त पडला होता.
मी साहेबांना दाखवलं.
साहेब म्हणाले, वाघ पिवळाच असतो,
तुम्ही पाहिलाय का?
नव्हता पाहिला.
मग मी सही केली.

कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली,
कोणी उठलं नाही.

जायचं तर मग याच महिन्यात, शैलेश म्हणाला,
द्राक्षाच्या गाड्या रस्त्यावर वाढायच्या आत,
सिन्नरला शिफ्ट बदलून घेतो.
तात्यांनी मान हलवली. नाही.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
आता तर हा पांढरा भातही मला पिवळा दिसतो.
या डोळ्याने तिथे जाऊन
मी काय तपासणार?

म्हणजे मार्चमध्ये ऑपरेशन.
मग महिनाभर थेंब, काळा चष्मा, धक्के नकोत.
तोवर दहावीचा पेपर शेवटचा.
मे महिना. अकोल्याला आग असेल,
पण वर गडावर हवा असते, असं म्हणतात.
शैलेशने अख्खं पान खोडलं
आणि नव्या पानावर पुन्हा लिहिलं : अकरा तास.

नाही दिसला तर?
मृण्मयीने विचारलंच.
तात्या म्हणाले, नाही तर नाही,
गवताचा रंग बघून येऊ,
तो तिकिटावर मागे होता.

ओजस बराच वेळ पेन्सिल चावत होता.
मी मागे बसतो, म्हणाला.
आजोबांना पुढून दिसेल.
पण मला दोन पिशव्या द्या.

रात्री मी एकेक टोल उचलून घासायला टाकला,
नाशिक कपाटात ठेवलं, मेळघाट दप्तरात गेला.
ओल्या फडक्याने टेबल पुसलं.
डाग तेवढा निघेना.
राहू दे म्हटलं,
धुळ्याला चहाला थांबायचंच आहे.